रक्त धुणारें पाणी

भुसावळाहून मलकापुराकडे जाणाऱ्या लोहमार्गावर बोदवड हें गांव आहे. जळगांव जिल्ह्याच्या या पूर्व भागांतील जमीन काळी, पीक कापसाचें आणि विहिरीचें पाणी बहुधा जड. असें पाणी हंड्यांत कांहीं महिने तापविलें कीं आंतून पांढरा थर धरतो, डाळ लवकर शिजत नाहीं, साबणास फेंस येत नाहीं. गृहिणी तो थर चिंचेनें घासून काढते आणि पुढच्या कामास लागते. कारण त्या पाण्यानें घरांतील कोणाचें कांहीं बिघडलें नाहीं असा तिचा अनुभव असतो. तो अनुभव खोटा नाहीं. प्यालेलें पाणी आंतड्यांतून रक्तांत येतें आणि त्यांतील जें जास्त झालें तें दोन्ही मूत्रपिंडें रात्रंदिवस बाहेर टाकीत असतात. निरोगी शरीर आपल्या पाण्याची परीक्षा स्वतःच करीत असतें.

परंतु ज्याचीं मूत्रपिंडें निकामी झालीं त्याला डायालिसिस, म्हणजे यंत्रानें रक्त धुण्याचा उपचार, घ्यावा लागतो. आणि मग पाण्याची परीक्षा करणारें शरीरांत कोणी उरत नाहीं. निरोगी माणूस आठवड्यांत सुमारें १४ लिटर पाणी पितो. डायालिसिसच्या रोग्याच्या रक्ताशेजारून एका बैठकींत, म्हणजे चार तासांत, सुमारें १२० लिटर द्रावण वाहून जातें; आठवड्याच्या तीन बैठका धरल्या तर ३६० लिटर. या पाण्यामध्यें आणि रक्तामध्यें असतो तो केवळ एक अतिशय पातळ पडदा. त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून लहान कण दोन्ही बाजूंस जातात. रक्तांतील मळ जसा पाण्यांत उतरतो तसा पाण्यांतील दोष रक्तांत चढतो. म्हणून हें द्रावण कसें तयार करावें आणि त्यांतील चूक रोग्यापर्यंत पोंचण्यापूर्वीं कशी पकडावी, हा या उपचाराच्या इतिहासांतील एक मोठा प्रश्न होऊन राहिला. त्याचें उत्तर तुकड्यातुकड्यानें सांपडत गेलें, आणि त्यांतील बहुतेक तुकड्यांची किंमत कोणीतरी प्राणानें दिली.

डायालिसिस हा शब्द रूढ केला तो टॉमस ग्रॅहॅम या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञानें, १८६१ सालीं. चर्मपत्रासारख्या कागदाच्या पडद्यांतून मीठ व साखर यांचे कण पलीकडे जातात, पण डिंकासारखे मोठे कण अलीकडेच राहतात, हें त्यानें दाखविलें. १९१३ सालीं अमेरिकेंतील बाल्टिमोर येथें एबल व त्याचे सहकारी यांनीं हें तत्त्व जिवंत प्राण्याच्या रक्तास लावलें, आणि १९२४ सालीं जर्मनींतील गीसेन येथें गेओर्ग हास यानें तें माणसावर प्रथम योजिलें. तरी उपचार म्हणून त्याचा उपयोग होण्यास आणखी वीस वर्षें जावीं लागलीं.

दरम्यान, औषधी द्रवांत शिरलेला दोष किती घात करतो याचा एक कडू धडा मुंबईनें घेतला होता. परळ येथील जुन्या गव्हर्नमेंट हाउसांत डॉ. वाल्डेमार हाफकिन यांची प्लेगची लस तयार होत असे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मुलकोवाल या गांवीं १०७ लोकांना ती लस टोंचण्यांत आली. त्यांपैकीं १९ जण पुढें धनुर्वातानें दगावले. दोष प्रयोगशाळेचा असें ठरवून हाफकिन यांना कामावरून दूर करण्यांत आलें. परंतु प्रत्येक बाटलीवर क्रमांक असल्यानें एक गोष्ट निश्चित कळली: मेलेल्या १९ जणांना टोंचलेली लस एकाच, ५३-एन या क्रमांकाच्या बाटलींतली होती. बाटली उघडतांना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला आणि तो नीट निर्जंतुक न करतां वापरला गेला, ही हकीकत मागाहून पुढें आली. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या नामांकित शास्त्रज्ञांनीं १९०७ सालीं लंडनच्या वृत्तपत्रांत हाफकिन यांची बाजू मांडली, आणि त्यांच्यावरचा डाग पुसला गेला. १९२५ सालीं परळच्या त्या संस्थेस त्यांचें नांव देण्यांत आलें. बाटलीवर क्रमांक नसता तर दोष कोठें शिरला हें कधींच कळलें नसतें, आणि एका निरपराध माणसाची सुटकाही झाली नसती. आज डायालिसिसच्या प्रत्येक कॅनचा क्रमांक रोग्याच्या कागदावर लिहावयाचा असतो, त्यामागील विचार हाच आहे.

डायालिसिसला उपचाराचें रूप दिलें तें हॉलंडमधील कांपेन या लहान गांवांतील डॉक्टर विलेम कोल्फ यांनीं. सन १९४३, देश जर्मनांच्या ताब्यांत, साहित्य मिळणें कठीण. मांसाच्या सॉसेजला जें सेलोफेनचें वेष्टण लावतात त्याची नळी त्यांनीं लांकडी पट्ट्यांच्या ढोलावर गुंडाळली आणि तो ढोल सुमारें १०० लिटर द्रावणाच्या टाकींत फिरविला. पहिल्या पंधरा-सोळा रोग्यांपैकीं केवळ यंत्रामुळें वाचला असें म्हणतां येईल असा एकही नव्हता. १९४५ च्या सप्टेंबरांत ६७ वर्षांची एक स्त्री बेशुद्धींतून शुद्धीवर आली, आणि मग जगाचा विश्वास बसला. त्या काळीं द्रावण म्हणजे टाकीभर पाणी आणि त्यांत तोलून घातलेले क्षार. कोणी तोलावयाचे, कोणी ओतावयाचे आणि कोणी ढवळावयाचें, सारें हातानें. तोलतांना एक पुडी विसरली किंवा दोनदां पडली, तर तें कळण्याचा मार्ग काय? घरीं आमटींत मीठ अधिक झालें तर जीभ सांगते. येथें चव घेणारें रोग्याचें रक्तच होतें.

आणि रक्ताची सहनशक्ति फार थोडी. रक्तजलांत सोडियमचें प्रमाण एका लिटरास सुमारें १४० एकक असतें. द्रावण त्याहून फार पातळ झालें तर पाणी तांबड्या पेशींत शिरतें व त्या फुटतात. तें फार दाट झालें तर पेशींतील पाणी बाहेर ओढलें जातें; रोग्यास विलक्षण तहान लागते, डोकें दुखतें, झटके येतात. दोन्ही वाटा शेवटीं मृत्यूकडे जातात, आणि दोन्हीकडे जाण्यास कांहीं मिनिटें पुरतात.

१९६० सालीं अमेरिकेंतील सिअ‍ॅटल येथें डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनीं रोग्याच्या हातांत कायम बसणारी नळी योजिली, आणि डायालिसिस वर्षानुवर्षें देणें शक्य झालें. तोंपर्यंत हा उपचार थोड्या दिवसांचा होता. आतां तो जन्मभराचा झाला. आठवड्यास तीन म्हणजे वर्षास १५६ बैठका. प्रत्येक बैठकीस हातानें द्रावण करावयाचें म्हटलें तर चुकीला वर्षांतून १५६ संधि. हें ओळखून तेथील अभियांत्रिकीचे प्राध्यापक आल्बर्ट बॅब यांनीं १९६४ च्या सुमारास असें यंत्र बनविलें कीं, तें दाट अर्क आणि शुद्ध पाणी ठराविक प्रमाणांत आपोआप मिसळील. जुनें सामान्य प्रमाण एका भागास चौतीस भाग पाणी असें होतें. यंत्र केवळ मिसळून थांबत नसे. मिसळलेल्या द्रावणांतून वीज किती सहज वाहते हें तें सारखें मोजी. क्षार अधिक तर वीज अधिक वाहते, क्षार कमी तर कमी. मोजमाप ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलें कीं घंटा वाजून द्रावण रोग्याकडे न जातां मोरीकडे वळतें. ज्या जिभेची उणीव होती ती अशा रीतीनें भरून निघाली.

तरीही या जिभेस एक व्यंग होतें. एकंदर क्षार किती आहे हें ती सांगते, परंतु कोणता क्षार आहे हें ओळखीत नाहीं. हें व्यंग पुढें महत्त्वाचें ठरलें, आणि त्याचें मूळ हंड्यांतील त्या पांढऱ्या थरापर्यंत पोंचतें. रोग्याच्या रक्तांतील आम्लता कमी करण्यास द्रावणांत बायकार्बोनेट, म्हणजे खाण्याच्या सोड्यांतील क्षार, हवा असतो. आणि कॅल्शियमही हवें असतें. पण दोन्ही दाट स्वरूपांत एकत्र आलीं कीं त्यांचा चुना होऊन तळाशीं बसतो. हंड्याला धरणारा थर तो हाच. म्हणून १९६४ पासून बायकार्बोनेटऐवजीं ॲसिटेट वापरूं लागले. तें सोयीचें होतें, परंतु पुष्कळ रोग्यांना मानवत नसे. मळमळ होई, रक्तदाब उतरे. १९८० नंतरच्या दशकांत बायकार्बोनेट परत आलें, तें दोन निरनिराळ्या कॅनांतून: एकांत कॅल्शियमसह आम्ल अर्क, दुसऱ्यांत बायकार्बोनेट. दोहोंची गांठ यंत्रांत, भरपूर पाण्यांत, अगदीं शेवटीं घालावयाची.

रोग्यांना याचा लाभ झाला, पण चुकीला नवी वाट मिळाली. दोन कॅनांची अदलाबदल होऊं शकते. निरनिराळ्या कारखान्यांच्या अर्काचें पाण्याशीं प्रमाण निरनिराळें असतें, आणि एकाचें आम्ल दुसऱ्याच्या बायकार्बोनेटाबरोबर लागूं शकतें. बायकार्बोनेटची पूड पाण्यांत विरघळवितांना पिशवी अर्धी राहूं शकते. अशा वेळीं विजेचें माप कधीं कधीं मर्यादेच्या आंतच दिसतें आणि घंटा वाजत नाहीं. म्हणून दुसरा पहारा बसविण्यांत आला. आम्लाचा कॅन तांबड्या खुणेचा, बायकार्बोनेटचा निळ्या खुणेचा. बैठक सुरू करण्यापूर्वीं यंत्रावर अवलंबून न राहतां द्रावणाचा थोडा नमुना काढावयाचा. वेगळ्या मापकानें त्याची वाहकता आणि आम्लता पहावयाची. आणि आंकडा जुळला तरच रोग्यास जोडावयाचें. यंत्र बिघडलें असेल तर त्याचें मापकही बिघडलेलें असूं शकतें. दुसऱ्या मापकाची साक्ष यासाठींच हवी.

हें सारें अर्काविषयीं झालें. परंतु द्रावणाचा मोठा भाग पाणीच, आणि त्याच्या चुका अधिक गुप्त. १९६७ सालीं अमेरिकन डॉक्टरांनीं नोंद केली कीं, पाण्याचा जडपणा घालविणारें उपकरण निकामी झाल्यास रोग्यांना उलट्या, अशक्तता आणि वाढलेला रक्तदाब यांचा त्रास होतो. पाण्यांतील कॅल्शियम सरळ रक्तांत जात होतें. बोदवडच्या विहिरीचें जें पाणी गृहिणीस केवळ हंडा घासावयास लावतें तेंच येथें रोग होऊन बसतें. पुढें डेन्व्हर येथील डॉ. ॲलन आल्फ्री यांनीं १९७२ सालीं एका विचित्र विकाराचें वर्णन केलें: अनेक वर्षें डायालिसिस घेणाऱ्या रोग्यांची वाणी अडखळूं लागे, हातपाय झटकत, बुद्धि मंदावे आणि अखेर मृत्यु येई. १९७६ सालीं त्यांनीं दाखविलें कीं, अशा रोग्यांच्या मेंदूंत ॲल्युमिनियम सांठलेलें असतें. पाणी निवळण्यासाठीं घराघरांत जी तुरटी फिरवितात ती ॲल्युमिनियमचाच क्षार होय, आणि शहरांचे जलशुद्धीचे कारखानेही तीच वापरतात. पिणाऱ्यास ती निरुपद्रवी. पडद्यापलीकडील रक्तास ती विष.

क्लोरिनची गोष्ट याहून लक्षांत ठेवण्यासारखी आहे. नळाच्या टोंकाशीं लिटरामागें निदान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरिन असावा असा पिण्याच्या पाण्याचा भारतीय नियम आहे, कारण पटकीच्या जंतूंपासून तोच राखतो. डायालिसिसच्या पाण्यांत मात्र एकूण क्लोरिन ०.१ मिलिग्रॅमहून अधिक चालत नाहीं, कारण त्यानें तांबड्या पेशी फुटतात. म्हणजे जें पाणी नगरपालिकेनें उत्तम ठरवावें तेंच रुग्णालयानें अयोग्य ठरवावें लागतें. यासाठीं कोळशाच्या दोन गाळण्या एकामागून एक ठेवतात आणि पहिलीच्या पुढें पाणी तपासतात. पहिली थकली तरी दुसरी हात देते आणि मध्यें सावध होण्यास वेळ मिळतो. ही तपासणी दर पाळीपूर्वीं करावयाची असते. १९९३ सालीं शिकागो येथें क्षार काढणारी टाकी थकली, आणि तिनें धरून ठेवलेलें फ्लोराइड एकदम पाण्यांत सुटलें. १२ रोगी आजारी पडले, त्यांपैकीं ३ दगावले. १९९६ च्या फेब्रुवारींत ब्राझीलमधील कारुआरू गांवीं उन्हाळी टंचाईंत तलावाचें पाणी टँकरनें दवाखान्यांत येत होतें. त्या तलावांतील हिरव्या-निळ्या शेवाळाचें विष सुमारें १३० रोग्यांपैकीं शंभरांहून अधिकांना बाधलें, आणि पन्नासांहून अधिक माणसें मेलीं. टँकरची वाट पाहणें ज्या खानदेशास नवीन नाहीं, त्यानें हें गांव विसरूं नये.

आपल्या प्रांतांतील सर्वांत दुःखद प्रकरण याच सुमाराचें, आणि तें डायालिसिसच्या यंत्राजवळ न घडतां औषधाच्या चमच्यांत घडलें. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारींत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत मेंदूंतील व डोळ्यांतील दाब उतरविण्यासाठीं रोग्यांना ग्लिसरॉल पाजण्यांत आलें. तें गोड, दाट, निर्धोक औषध. परंतु रोग्यांचें मूत्र बंद होऊं लागलें, आणि १४ जण मूत्रपिंडें निकामी होऊन दगावले. ग्लिसरॉल म्हणून आलेला माल औद्योगिक होता, आणि त्यांत डायएथिलीन ग्लायकॉल हें तसेंच गोड व तसेंच दाट विष मिसळलेलें होतें. हेंच विष १९३७ सालीं अमेरिकेंत शंभरांहून अधिक लोकांच्या मृत्यूस कारण झालें होतें आणि त्यावरून तेथें १९३८ चा औषधांचा कायदा झाला होता, अर्थात् जे. जे. मधील घटना अज्ञात संकटाची नव्हती. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ति बख्तावर लेंटिन यांच्या आयोगानें साक्षी घेऊन एका मोठ्या अहवालांत खरेदी, तपासणी आणि देखरेख या तिन्ही ठिकाणच्या शिथिलतेवर कठोर ठपका ठेवला. त्या अहवालानंतर १९८८ सालीं राज्याच्या आरोग्यमंत्र्यांस पद सोडावें लागलें. तात्पर्य उघड होतें. बाटली अनेक हातांतून गेली; प्रत्येक हातानें मानलें कीं मागच्या हातानें ती तपासली असेल. आणि २०२५ सालीं मध्यप्रदेशांतील छिंदवाडा जिल्ह्यांत खोकल्याच्या औषधांतील त्याच विषानें वीसांहून अधिक बालकें मूत्रपिंडें निकामी होऊन गेलीं. त्यांतील कित्येकांना उपचारास नागपुरास आणलें होतें. एकोणचाळीस वर्षांनीं तोच धडा पुन्हां गिरवावा लागला.

या विषयाचें महत्त्व आतां मोठ्या शहरांपुरतें राहिलेलें नाहीं. २०१६ सालीं केंद्र सरकारनें जिल्हा रुग्णालयांतून डायालिसिस देण्याची राष्ट्रीय योजना जाहीर केली, आणि पूर्वीं ज्या उपचारासाठीं मुंबई-पुण्यास जावें लागे तो जिल्ह्याच्या गांवीं आला. बोदवडच्या उत्तरेकडून जाऊन चांगदेवास तापीला मिळणारी जी पूर्णा नदी, तिच्याच खोऱ्यांत वरच्या अंगास अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील खारपाणपट्टा आहे. त्यांतील जळगांव जामोद, संग्रामपूर या बाजूच्या खेड्यांतून मूत्रपिंडाच्या विकाराची तक्रार अनेक वर्षें चालत आलेली आहे. ज्या मुलखांत रोगी अधिक आणि पाणीही कठीण, तेथें उपचार जवळ येणें हें मोठें भाग्य. पण त्याबरोबर पाण्याची जबाबदारीही जवळ येते. यंत्र विकत आणतां येतें, पाणी मात्र त्या त्या गांवचेंच वापरावें लागतें, आणि तें पावसाळ्यांत एक, उन्हाळ्यांत दुसरें, टँकरच्या दिवसांत तिसरें असतें.

इतिहासानें शिकविलेले नियम थोडे आहेत आणि कठीण नाहींत. पाणी जडपणा काढण्याच्या टाकींतून, कोळशांतून आणि शेवटीं दाबानें गाळणाऱ्या पडद्यांतून न्यावें. क्लोरिन आणि जडपणा रोज पहावा, बाकीचे दोष व जंतु ठरल्या मुदतीनें प्रयोगशाळेंत तपासावे. पाण्याचा उगम बदलला कीं मुदतीची वाट न पाहतां तपासणी करावी. अर्क ज्यानें ओतला त्यानेंच त्याची खात्री देऊं नये. दुसऱ्यानें खूण, क्रमांक व प्रमाण मोठ्यानें वाचावें. अर्धा उरलेला कॅन दुसऱ्यांत ओतूं नये, आणि कॅनावरील कागद फाटला असल्यास आंतील द्रव ओळखीचा वाटला तरी टाकून द्यावा. वेगळ्या मापकाचा आंकडा वहींत लिहिल्याशिवाय रोग्यास जोडूं नये. घंटा वाजल्यास ती बंद करण्यापूर्वीं कारण शोधावें. एकाच पाळींत दोघां-तिघां रोग्यांना सारखीच मळमळ, थंडी किंवा छातींत कळ आली, तर दोष रोग्यांत न शोधतां आधीं पाण्यांत शोधावा. कारण त्या सर्वांमध्यें समान अशी तीच एक वस्तु असते.

या नियमांत कोणाच्याही बुद्धीचा किंवा निष्ठेचा अपमान नाहीं. पहाटे पांच वाजतां पहिली पाळी लावणारा तंत्रज्ञ किंवा परिचारिका निष्काळजी असते म्हणून दुसरा मापक ठेवावयाचा नसतो. ती माणूस असते, तीस रोग्यांनंतर थकते, आणि तांबडा व निळा रंग पाहूनही मन दुसरीकडे असूं शकतें, म्हणून ठेवावयाचा असतो. मुलकोवालचा मदतनीस दुष्ट नव्हता. ज्या व्यवस्थेंत एका हातून निसटलेला चिमटा एकोणीस प्राण घेऊं शकतो ती व्यवस्था अपुरी होती.

ज्या घरांतील माणूस आठवड्यांतून दोन-तीन वेळां मोटारीनें किंवा रेल्वेनें जिल्ह्याच्या गांवीं डायालिसिसला जातो, त्या घरास या इतिहासाचा एक साधा उपयोग आहे. आजचें पाणी तपासलें काय आणि नोंद कोठें आहे, हा प्रश्न विनयानें विचारण्याचा त्या घरास अधिकार आहे. चांगल्या केंद्रांत या प्रश्नाचा राग येत नाहीं. वही पुढें केली जाते, आणि तींत त्या दिवसाचा आंकडा व दोन सह्या असतात.